ताईने शिवलेला अंधार

आमच्या कॅमेऱ्याला कुणी ‘छोटा’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. छोटं खेळणं असतं. आमचा कॅमेरा आटोपशीर आहे. चहाच्या मोठ्या मगाएवढा, एका हातात मावणारा, आणि तोंडाशी शिशाची जाळी असल्यामुळे दिसतो त्यापेक्षा चांगलाच वजनदार. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर त्याचा थोरला भाऊ आहे. तो अख्खी खोली अडवून बसलाय. रुग्णाने त्याच्यापर्यंत जायचं, त्याच्याखाली निजायचं आणि हलायचं नाही. आमचा कॅमेरा रुग्णाकडे जातो, थेट ऑपरेशनच्या टेबलापर्यंत. यातला फरक ज्याला कळत नाही त्याच्याशी मी वाद घालत नाही. म्हणजे घालते, पण जिंकले की थांबते.

हा कॅमेरा तिघांनी केला. मी भौतिकशास्त्रवाली, म्हणून किरणांचं खातं माझ्याकडे. इलेक्ट्रॉनिक्स बघतो तो चष्मा. त्याला चष्मा म्हणतात, कारण तो दिवसभर चष्मा शोधत असतो आणि चष्मा त्याच्या कपाळावर असतो. आणि संगणकाचे सगळे प्रोग्रॅम लिहिणारी सासूबाई. वय तिशीच्या आतबाहेर, लग्न झालेलं नाही, पण दुसऱ्याच्या कामातली खोट काढण्यात इतकी तरबेज, की हे नाव तिला पहिल्याच आठवड्यात चिकटलं. ठेवलं मीच. सगळ्यात जास्त खोट माझ्याच कामात निघत होती ना.

चौथी माझी ताई. तिला गॅमा किरण म्हणजे काय हे माहीत नाही आणि करून घ्यायचंही नाही. तरीही चौथी तीच.

ताई माझ्याहून बरीच मोठी. आई कामावर जायची, तेव्हा मला वाढवलं तिने. माझी वेणी घालून, बूट शोधून, शाळेच्या फाटकापर्यंत फरफटत नेण्याचं काम तिचं, कारण मी कायम उशिरा. ‘ही जन्मालासुद्धा उशिराच आली,’ असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. अजूनही सांगते. पडदे शिवणं हा तिचा धंदा. लोकांच्या खिडक्यांचे, दुकानांचे, एकदा तर एका नाटकगृहाचा अख्खा मखमली पडदा तिने एकटीने शिवला होता.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा तिला स्तनाचा कर्करोग झाला. हा आजार पसरायला लागला, की बहुतेक वेळा आधी काखेतल्या ग्रंथींकडे जातो, आणि तिथेही आधी वाटेतल्या पहिल्या एक-दोन ग्रंथींत. त्या स्वच्छ निघाल्या तर बाकीच्यांना हात लावायची गरज बहुधा नसते. पण पहिली कोणती हे दाखवणारं काही तिच्या डॉक्टरांकडे नव्हतं. म्हणून सगळ्या काढल्या. आजार गेला, तो कायमचा गेला. डावा हात मात्र सुजला आणि सुजलेलाच राहिला. तेव्हापासून ती स्वतःच्या प्रत्येक कपड्याची डावी बाही उसवून रुंद करते. मी हळहळले की म्हणते, ‘जिवावरचं हातावर निभावलं, रडतेस काय?’ ती रडत नाही. मला मात्र ती रुंद बाही बघितली की अजूनही कुणालातरी धरून बडवावंसं वाटतं.

कुणाला बडवता येईना, म्हणून मी कॅमेरा केला.

त्याचं काम सांगायला सोपं आहे. रुग्णाला गाठीजवळ किंचित किरणोत्सारी औषध टोचतात. ते वाहत वाहत काखेतल्या पहिल्या ग्रंथीत जाऊन बसतं आणि तिथून किरण सोडतं. आमच्या कॅमेऱ्यातली शिशाची जाळी फक्त सरळ येणारे किरण आत घेते. जाळीमागे एक स्फटिक आहे. त्याला किरण लागला की तो क्षणभर चमकतो, आणि त्यामागचे सेन्सर ती चमक टिपतात. चमक इतकी मंद असते, की बाहेरचा उजेड केसाएवढ्या फटीतून आत गेला तरी सगळं बुडालं. भर दुपारी उघड्या मैदानात काजवा शोधण्यासारखं आहे ते.

पहिला कॅमेरा आम्ही बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवला होता. तो चारही बाजूंनी उजेड प्यायचा. चष्म्याने चिकटपट्ट्या लावून लावून डब्याचं बँडेज केलं, तरी तेच. शेवटी मी ताईकडे गेले. म्हटलं, याला एक गवसणी शिवून दे, काळी, अशी की आत उजेडाचा कण जाता कामा नये.

‘लोक आकाशाला गवसणी घालायला निघतात,’ ताई म्हणाली, ‘आणि तू डब्याला.’

पण शिवली. नाटकगृहाच्या कामातली उरलेली काळी मखमल आणि आत रबरी अस्तर, दुहेरी शिवण, खाली घेरदार झालर, म्हणजे टेबलावर सगळीकडून टेकावी. मधे मधे डावा हात उशीवर ठेवून दम खात होती. गवसणी घातली आणि पहिल्यांदाच स्क्रीनवर फक्त आम्ही तपासणीसाठी ठेवलेल्या किरणोत्सारी कणाचा ठिपका दिसला. काळ्याभोर स्क्रीनवर एकच ठिपका. त्या दिवशी आम्ही तिघं वेड्यासारखे हसत होतो.

त्यानंतर दुसरा कॅमेरा झाला, तिसरा झाला, आणि हा चौथा, ॲल्युमिनियमच्या छान घडीव कवचातला. गवसणी तीच राहिली. घरातून निघताना कुलूप ओढून बघतात, तसं आम्ही किरणांच्या प्रत्येक मोजणीच्या आधी गवसणी घालायचो. एकदा सासूबाई म्हणाली, आता कशाला हवी, आणि तशीच मोजणी घ्यायला बसली. मोजणी सुरू व्हायच्या आधीच संगणक बंद पडला. त्याचा गवसणीशी काडीचा संबंध नव्हता. विजेचा घोटाळा होता. पण पुन्हा तो विषय कुणी काढला नाही. शिकलेसवरलेले आम्ही तिघं, आणि मखमलीच्या तुकड्यापुढे चळाचळा कापत होतो.

मग डॉक्टरांनी कॅमेरा खऱ्या ऑपरेशनमध्ये वापरायला होकार दिला. हे डॉक्टर म्हणजे हॉस्पिटलमधले सर्वांत जुने सर्जन. दिवसाला मोजून चार शब्द बोलतात. माझं सगळं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘निळा रंग टोचून ग्रंथी शोधतात, ते मला येतं. पण नुसत्या रंगावर भरवसा ठेवून मी बाकीच्या मागे सोडत नाही. म्हणून आजही सगळ्या काढतो. तुमच्या कॅमेऱ्याने स्पष्ट दाखवलं तर तेवढ्याच काढीन. नाही दाखवलं तर नेहमीसारखं. आणि एक, हे दार मी एकदाच उघडणार.’

पहिली रुग्ण बस चालवणारी होती. चाळिशीची, खणखणीत आवाजाची. संमतीच्या आधी आम्ही तिला सगळं समजावलं. तिने फक्त एक विचारलं, ‘स्टिअरिंग पूर्ण फिरवता येईल ना? आमच्या गाडीचं चाक परातीएवढं असतं. एका हाताचं काम नाही ते.’

‘सगळ्या काढाव्या लागल्या तर हाताची खात्री देता येत नाही,’ डॉक्टर म्हणाले.

‘आणि हिचा कॅमेरा चालला तर?’ तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

माझ्या जिभेवर ‘चालणारच’ आलं होतं. डॉक्टरांनी नुसतं बघितलं आणि मी ते गिळलं.

ऑपरेशनच्या सकाळी ताईचा फोन आला. ‘आज तरी वेळेवर जा.’ मी वेळेच्या आधी गेले, हे तिला खरं वाटलं नाही. ऑपरेशन थिएटरच्या दारात सिस्टरने आमचं सामान तपासलं. कॅमेरा निर्जंतुक प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीत जाणार होता. गवसणी बघून ती म्हणाली, ‘हे नाही आत जायचं.’

‘राहू दे,’ मी म्हटलं. ‘त्याची गरजही नाही. नुसती सवय आहे.’ अगदी ऐटीत म्हटलं.

आत कमालीची थंडी. बाई टेबलावर झोपलेली, डावा हात बाजूला फळीवर पसरलेला. किरणोत्सारी औषध सकाळीच तळमजल्यावर टोचलं होतं, निळा रंग आता टोचला. वरचा मोठा दिवा लागला. डॉक्टरांनी कॅमेरा उचलला, तिच्या काखेवर धरला, आणि आमची स्क्रीन पांढरीफटक झाली.

ठिपका नाही, डाग नाही, काही नाही. सगळीकडे पांढरं.

‘गरम झाला असेल,’ चष्मा पुटपुटला.

‘इथे दात वाजताहेत आणि तो गरम होतोय?’ मी त्याच्या अंगावर खेकसले.

‘प्रोग्रॅम ठीक आहे, माझ्याकडे बघू नका,’ सासूबाई म्हणाली.

‘दिसतंय का काही?’ डॉक्टरांनी विचारलं.

‘एक मिनिट, डॉक्टर.’

‘एकच देतो. नाहीतर मी माझ्या पद्धतीने पुढे जातो.’

त्या पसरलेल्या हाताकडे मी बघितलं, आणि खरं सांगते, मला तिथे ताईची रुंद बाही दिसली. हातातोंडाशी आलेलं सगळं आता जाणार होतं, आणि जाणार होतं ते या झोपलेल्या बाईचं. मला काही सुचेना. तेवढ्यात सिस्टरने हत्यारांचं टेबल पुढे घ्यायला वरचा दिवा जरासा बाजूला ढकलला. स्क्रीनवरचा पांढरा रंग किंचित पातळ झाला. तिने दिवा परत आणला. पुन्हा पांढरं.

मग डोक्यात प्रकाश पडला, आणि भीती होती तिथे चक्क हसू यायला लागलं. या चौथ्या कॅमेऱ्याने जन्मात उजेडच बघितला नव्हता. कवच बसवल्यापासून तो सतत ताईच्या मखमलीखाली होता. त्याच्या मागे, वायर आत शिरते त्या तोंडाशी फट होती, आणि ती आम्हाला कधी कळलीच नव्हती. कळणार कशी?

‘डॉक्टर, दिवा बंद करा,’ मी म्हटलं.

‘काय?’

‘वरचा दिवा. खोलीतलेसुद्धा. कॅमेऱ्यात उजेड शिरतोय. चूक आमची आहे, त्याबद्दल नंतर हवं ते ऐकून घेईन. आत्ता फक्त अंधार द्या.’

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी भुवया वर केल्या. सर्जनशी या सुरात तिथे कुणी बोलत नसावं. डॉक्टरांनी कॅमेरा होता तिथेच धरून ठेवला.

‘सिस्टर,’ ते म्हणाले, ‘दिवे.’

खोली काळोखी झाली. भूल देण्याच्या यंत्रावरचे हिरवे आकडे तेवढे उरले. आणि आमच्या स्क्रीनवरचा पांढरा रंग ओसरत ओसरत गेला, आणि त्यातून एक ठिपका वर आला. ठळक, गोल. मग त्याच्या खाली, जरा आत, दुसरा. फिकट, पण होता. आपलं मूल भर सभेत अडखळतं आणि मग स्वतःच सावरून खडखडीत बोलायला लागतं, तेव्हा आईला काय वाटत असेल ते मला त्या मिनिटात कळलं.

‘दोन,’ मी म्हटलं. ‘एक वर, एक खाली आणि खोल.’

डॉक्टरांनी हात तसूभरही हलवला नाही. दिवे लागले तेव्हा त्यांनी त्याच जागी शाईने दोन खुणा केल्या. मग काप घेतला. पहिली ग्रंथी खुणेखालीच निघाली, निळीशार. दुसऱ्या जागी ते थांबले.

‘इथे रंग नाही.’

‘कॅमेरा म्हणतोय, आहे.’

पुन्हा दिवे गेले, पुन्हा कॅमेरा धरला. ठिपका जागच्या जागी होता. दिवे आले, डॉक्टर आणखी आत गेले, आणि वाटाण्याएवढी एक फिकट ग्रंथी त्यांनी बाहेर काढली. निळ्या रंगाने ती दाखवलीच नव्हती. तिसऱ्यांदा अंधार केला. स्क्रीन रिकामी. तो रिकामा काळा चौकोन बघून चष्म्याने चष्मा काढला आणि डोळे पुसले. या वेळी चष्मा कपाळावर नव्हता.

दोन्ही ग्रंथी तपासायला गेल्या. तोवर डॉक्टरांनी स्तनातली गाठ काढली, आम्ही भिंतीला टेकून उभे. फोन वाजला, सिस्टरने ऐकला आणि सांगितलं, ‘दोन्ही स्वच्छ.’

‘मग बंद करतो,’ डॉक्टर म्हणाले. बाकीच्या ग्रंथींना त्यांनी हात लावला नाही. हातमोजे काढताना माझ्यापाशी थांबले. ‘पुढच्या वेळी मला उजेडात काम करायला आवडेल.’

पुढच्या वेळी. सासूबाईने बाहेर येऊन ते मला दोनदा म्हणून दाखवलं, मी नीट ऐकलं नसेन म्हणून.

संध्याकाळी ताईकडे गेले आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. तिच्या गवसणीने फट कशी झाकून ठेवली होती, तेही. मला वाटलं, वाईट वाटेल तिला.

‘इतक्या दिवसांत एकदाही उजेड आत गेला नाही?’ तिने विचारलं.

‘नाही.’

‘एवढासाही?’

‘एवढासाही नाही. म्हणून तर कळलं नाही ना.’

‘मग खोट तुमच्या डब्यात आहे,’ ताई म्हणाली, ‘माझ्या शिवणीत नाही.’ आणि अशी टेकून बसली, जणू बक्षीस तिलाच मिळालंय. मग जरा वेळाने म्हणाली, ‘किती काढल्या तिच्या?’

‘दोन.’

‘आणि बाकीच्या?’

‘जिथल्या तिथे.’

‘बरं झालं,’ ती म्हणाली आणि उठून कप धुवायला गेली. नळ बराच वेळ वाहत होता. कप एकच होता.

वायरीच्या तोंडाशी आम्ही रबरी कडं बसवलं, आणि तपासणीची रीतच बदलली. आता आमचा प्रत्येक कॅमेरा आधी प्रखरातल्या प्रखर दिव्याखाली ठेवतो आणि मगच त्याच्यावर विश्वास टाकतो. डॉक्टरांना उजेड मिळाला. दार उघडं राहिलं, आणि दुसऱ्या हॉस्पिटलातले सर्जनही बघायला यायला लागले. गवसणी ताईने परत मागून घेतली. ती आता तिच्या शिलाई मशीनवर असते.

काही महिन्यांनी ती अचानक म्हणाली, ‘ती बस चालवणारी कामावर आली का?’

‘आली.’

‘मला तिच्या बसमध्ये बसायचंय.’

हात सुजल्यापासून ताई गर्दीत जायला नाखूश असते, कुणी धक्का देईल म्हणून. पण त्या दिवशी थांब्यावर ती माझ्या आधी हजर होती, आणि मला उशीर झाला म्हणून बोलत होती. आम्ही दोन बस सोडून दिल्या. तिसरीत ती बस चालवणारी होती. आम्ही सगळ्यात पुढची सीट धरली. ताईने बाहेर एकदाही बघितलं नाही. पुढे एक अवघड वळण आलं, काटकोनात. बाईने डावा हात उजव्यावरून नेला, ते मोठं चाक पूर्ण फिरवलं आणि गाडी भिंतीला न घासता अलगद काढली. ताईचा हात तिच्या मांडीवर नकळत तसाच वळत होता.

शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. बाईने मागे वळून हाक मारली, ‘मावशी, गाडी इथपर्यंतच.’

‘माहितेय. परत घेऊन चल.’

मग तिने मला बघितलं. ‘अहो, तुम्ही! तो छोटा कॅमेरा घेऊन आला होतात ना?’

मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी ताई बोलली. ‘छोटा नाही. आटोपशीर.’ आणि जराशी सरसावून बसत म्हणाली, ‘ही माझी धाकटी बहीण. तिने केलाय तो. आणि त्याची गवसणी मी शिवली होती.’

गवसणीने काय घोळ घातला होता, ते मी सांगितलं नाही.

बाईने दोन्ही हात वर उचलून दाखवले, अगदी डोक्यावर, आणि हसत गाडी सुरू केली. परतीच्या वाटेवर पुन्हा ते वळण आलं. ताई चाकाकडे बघत होती.

‘माझ्या वेळी तुला उशीर झाला,’ ती म्हणाली. मग तिने तो जड हात उचलून माझ्या गुडघ्यावर ठेवला. ‘हिच्या वेळी मात्र वेळेवर पोहोचलीस.’

आयुष्यात पहिल्यांदाच मला तिच्याशी वाद घालायचा नव्हता.